काळ्या चौकटीतली मास्तरीण

स्वतःच्या फोटोसमोर लोकांनी लावलेल्या मेणबत्त्या बघायचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मास्तरणीच्या वाट्याला ते आलं एका मंगळवारी सकाळी, इस्पितळातून डोळा तपासून परत येताना. चौकात दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेला भला मोठा बॅनर. त्यावर तिचा जुना, हसरा फोटो. फोटोभोवती जाड काळी चौकट, चौकटीच्या कोपऱ्यात छापील मेणबत्ती, आणि खाली फुटपाथवर खऱ्या मेणबत्त्या, अर्ध्या जळून विझलेल्या. वर लाल अक्षरांत 'ॲसिड फेकणाऱ्याला फाशी द्या'. आणि अगदी तळाशी, नीट मध्यभागी, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

डाव्या डोळ्याने तिला आता काहीच दिसत नव्हतं आणि उजव्यावरही फार भरवसा नव्हता, म्हणून तिने जवळ जाऊन पुन्हा वाचलं. श्रद्धांजलीच होती. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे विशेष.

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे. मामाच्या बॅनरछपाईच्या दुकानात ती डिझाइनचं काम करायची आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याच्या मजकुरातल्या चुका काढल्याशिवाय तो छापायला सोडायची नाही. त्यामुळे मामाने ठेवलेलं नाव सगळ्या बाजाराने उचललं होतं. तिच्यावर ॲसिड फेकणाराही गिऱ्हाईकच होता. स्वतःच्या फोटो स्टुडिओच्या पाट्या करून घ्यायला यायचा. पाट्या झाल्यावरही येत राहिला, मग लग्नाचं विचारलं, तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. बस थांब्यावर एक दिवस त्याने त्या नाहीची परतफेड केली. पहिले कित्येक महिने इस्पितळातच गेले. आता ती पुन्हा कामावर जात होती, चुका काढत होती, आणि खटला पुढच्या महिन्यात उभा राहायचा होता.

चौकापासून दुकानापर्यंत ती तरातरा चालत गेली. बॅनर कुणाच्या हातचा आहे हे तिला विचारावं लागणार नव्हतं. तसली चौकट साऱ्या गावात एकाच यंत्रातून निघायची.

मामा यंत्रात नवं रीळ चढवत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. फोटो कसला छान आलाय बघितलास का, हे त्याचं पहिलं वाक्य. तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिला न सांगता, तिला बरं वाटावं म्हणून त्याने बॅनर एकट्याने बसून केला होता. फाशीच्या मागणीसाठी गावात उभ्या राहिलेल्या समितीने पैसे देऊ केले तर तेही घेतले नव्हते.

"मामा," ती म्हणाली, "सकाळी तुम्ही आणि मी एकत्र चहा प्यायलो ना?"

मामाला काही कळेना. मग तिने त्याला त्याच्याच संगणकासमोर बसवून तळाची ओळ वाचायला लावली. मामाने वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

घडलं होतं ते अगदी साधं होतं आणि त्याच दुकानात घडू शकत होतं. मामाकडे प्रत्येक प्रसंगाची एक तयार फाइल असायची. वाढदिवसाची सोनेरी, अभिनंदनाची भगवी, उद्घाटनाची निळी. गिऱ्हाईक आलं की फाइल उघडायची, फोटो बदलायचा, वरचा मजकूर बदलायचा, की झालं. 'फाशी द्या'चीही एक होती. आजवर तसले जेवढे मोर्चे निघाले, ते मारून टाकलेल्या मुलींसाठी निघाले, म्हणून त्या फाइलला काळी चौकट, मेणबत्ती आणि श्रद्धांजली कायमची चिकटलेली. समितीच्या अध्यक्षांनी फोनवर 'फाशी' म्हटलं आणि मामाचा हात सवयीने त्या फाइलवर गेला. वरचा मजकूर बदलला. तळाकडे बघायचं राहून गेलं.

मामाचं एक वेळ ती समजू शकली. पण मामाने तो बॅनर छापण्याआधी अध्यक्षांना पाठवला होता आणि अध्यक्षांनी 'एक नंबर' म्हणून कळवलं होतं. समितीतल्या सगळ्यांनी तो पाहिला होता. माणसांनी शिडीवर चढून तो बांधला होता. बायकांनी त्याच्यासमोर उभं राहून मेणबत्त्या लावल्या होत्या. एवढ्या सगळ्यांतून एकालाही ती ओळ खटकली नाही. का खटकावी? सगळ्यांच्या लेखी मास्तरीण गेलीच होती. रोज बाजारात भाजी घेते ती कोणीतरी दुसरीच.

घरी जाऊन तिने हे आईला तणतणत सांगितलं. आई निवडलेलीच भाजी पुन्हा निवडू लागली. ते बघून मास्तरणीला शंका आली.

"तूही गेली होतीस?"

आईने मान खाली घातली. सगळ्या लावत होत्या, म्हणाली, मग मीही लावली. ओळ वाचली नाहीस का, तर वाचली. वाचून रडूही आलं. पण चुकीची आहे असं मनात आलं नाही. "तो फोटोतला चेहरा," आई म्हणाली, "तो तर गेलाच ना."

मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईवर ओरडून ती कुणाला ऐकवणार होती? इस्पितळातून घरी आल्यापासून ती हेच ऐकत आली होती. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिच्यासमोर बसून, तिच्याच घरचा चहा पिता पिता म्हणायची, यापेक्षा एकदाचं मारून टाकलं असतं तर सुटली असती पोर. पोर तिथेच बशा उचलत असायची. जिवंतपणी मेली, आयुष्य संपलं, उरलं काय आता. आणि ह्याच बोलण्याला जोडून दुसरं: हा खूनच आहे, खुनाला फाशी तशी ह्याला फाशी. समितीने हीच मागणी उचलली होती. शनिवारी शाळेच्या पटांगणात सभा होती, आमदार येणार होते, आणि मास्तरणीने बोलायचं असं ठरलं होतं. तिने होकार दिला होता, कारण तिच्याही मनात तेच होतं. मनातल्या मनात तिने त्याला कितीतरी वेळा लटकवला होता. पट्टी बदलताना लटकवायची, आरशासमोर लटकवायची. कुणी तिला माफीबिफीची गोष्ट सांगितली असती तर तिने त्याला दारातून परत पाठवलं असतं.

अध्यक्षांना फोन केला तर ते हसले. म्हणाले, ताई, एका ओळीचं काय घेऊन बसलात, भावना महत्त्वाची. सभा झाली की उतरवू. आणि भाषण लिहून पाठवलंय, पाठ करून ठेवा. भाषणाचं पहिलंच वाक्य होतं, 'मी त्या दिवशीच मेले.'

दुसऱ्या दिवशी दुपारी चावीवाला दुकानात आला.

हा चावीवाला नसता तर आईची मेणबत्ती योग्य जागी लागली असती. बस थांब्यामागे त्याची टपरी. त्या दिवशी 'तो' किल्लीची दुसरी प्रत करायला टाकून बराच वेळ टपरीला टेकून उभा होता, तेव्हा चेहरा विसरण्याचा प्रश्न नव्हता. मग ती आली, आणि जे झालं ते झालं. लोक लांब पळाले. चावीवाल्याने प्यायच्या पाण्याचा अख्खा जार उचलून तिच्या डोक्यावर रिकामा केला, शेजारच्या दुकानातला आणून ओतला, कुणी फडक्याने पुसायला आला त्याला ढकलून दिलं, आणि इस्पितळाची गाडी येईपर्यंत ओततच राहिला. उरलेला डोळा त्या पाण्याने राहिला असं डॉक्टर म्हणाले. खटल्यात फेकणाऱ्याला ओळखणारे दोघंच होते, ती आणि हा.

चावीवाला बसला नाही. म्हणाला, चौकातला बॅनर बघितला. म्हणाला, मला साक्षीला येता यायचं नाही.

मास्तरणीने माऊस सोडला. कुणी धमकी दिली का, विचारलं. तसं काही नव्हतं. फेकणाऱ्याची आई मध्ये एकदा येऊन टपरीसमोर बसली होती. काही बोलली नाही, काही मागितलं नाही, नुसती बसून गेली.

"तुरुंगात घालायचं असेल तर मी शंभर वेळा बोट दाखवीन, पोरी," तो म्हणाला. "हवा तेवढा ठेवा आत. पण माझ्या बोटाने माणूस फासावर जायचा असेल, तर ते माझ्याच्याने होणार नाही. मी तुझ्यावर पाणी ओतलं ते जीव वाचावा म्हणून. आता जीव घ्यायला कुठून येऊ?"

"माझ्या तोंडाकडे बघून बोला, काका."

त्याने बघितलं. बहुतेक लोक तिच्या कानाकडे किंवा कपाळाकडे बघत. ह्याने सरळ बघितलं.

"रोज बघतो. म्हणून तर सांगायला आलो. नाहीतर तारखेलाच दांडी मारली असती."

मग तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. समिती मागते तसा फाशीचा नवा कायदा झाला तरी तो जुन्या गुन्ह्याला लागत नाही, वकिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. ह्याला जास्तीत जास्त जन्मठेप होईल. मग घाबरताय कशाला? चावीवाल्याने शांतपणे विचारलं, मग चौकात तुझा फोटो लावून फाशी मागतायत ती कुणाला? ह्याला नाही तर पुढच्याला ना? त्याच्याही समोर कोणीतरी माझ्यासारखा टपरीवाला असेल. तो काय करील? तो गेला. ती त्याच्या पाठीकडे रागाने बघत राहिली, आणि राग नक्की कुणावर आहे हे तिला धड कळेना.

त्या दुपारी एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा सोनेरी बॅनर तिच्यासमोर उघडा होता आणि ती त्यातली एकही चूक काढू शकली नाही. खटला दोन माणसांवर उभा होता. त्यातला एक येत नव्हता आणि दुसरी काळ्या चौकटीत होती. हे सगळं त्याला फाशी व्हावी म्हणून ओरडणाऱ्यांनी केलं होतं, आणि त्यातून तो सुटून घरी जाण्याचीच सोय होत होती.

मग तिला तो क्षण आठवला, जो ती सहसा आठवू देत नसे. बाटली रिकामी केल्यावर तो लगेच पळाला नव्हता. थांबला होता. तिने त्याच्याकडे बघितलं होतं, दोन्ही डोळ्यांनी, शेवटचं. आपल्याला हिने ओळखलं हे त्याला कळलं होतं. तरी तो वळला आणि निघून गेला. फार तर तुरुंग होईल, एवढाच त्याचा हिशेब असणार. फेकण्यालाही फास आणि मारण्यालाही फास असता, तर ओळखणारी बाई मागे सोडून तो कशाला निघून गेला असता? तिने पाणी प्यायलं आणि बॅनर बंद केला.

शनिवारी पटांगण भरलं होतं. चौकातला बॅनर तसाच होता. व्यासपीठामागे त्याचंच धाकटं भावंड, तीच चौकट, तीच श्रद्धांजली. तळाशी सौजन्य म्हणून समितीच्या सभासदांचे गोल गोल फोटो, आणि त्यांत पहिला फोटो रंग-हार्डवेअरवाल्याचा. ती बाटली ह्याच्याच दुकानातून गेली होती, पोलिसांनाही ते माहीत होतं. संडास साफ करायचं ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून तो ना नाव विचारता ना गाव विचारता विकायचा आणि आजही विकत होता. उघडी विक्री बंद करा, हीही मागणी घ्या, म्हणून मास्तरणीने समितीला दोनदा सांगून पाहिलं होतं. अध्यक्ष म्हणाले होते, छोट्या गोष्टींत मोठा मुद्दा हरवतो.

तिचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत आई पदर डोळ्यांना लावून तयारच होती. अध्यक्षांनी पाठवलेलं भाषण मास्तरणीने घरीच ठेवलं होतं.

"मी मेलेली नाही," तिने सुरुवात केली. टाळ्या थांबल्या. "मागे बॅनर आहे, त्यावर श्रद्धांजली लिहिलीय. तुम्ही सगळ्यांनी वाचलीय आणि कुणालाच चूक वाटली नाही. मला वाटली. मी कामाला जाते, पगार घेते, भांडते, मला भूक लागते. तो खून नव्हता. तो खून नव्हता म्हणून मी इथे उभी आहे, आणि पुढच्या महिन्यात कोर्टात उभी राहून त्याच्याकडे बोट दाखवणार आहे. मेलेल्या बाईला साक्ष देता येत नाही. मला द्यायचीय. त्याने मला जिवंत सोडलं ते दयेने नाही, मारलं तर फास लागेल ह्या भीतीने. तो फास तुम्ही दोन्हीकडे सारखा टांगलात, तर पुढचा फेकणारा मुलीला कशाला जिवंत सोडेल? आणि सोडलंच, तर तिच्यासाठी साक्षीला कोण येईल? त्याला आत टाका, म्हातारा होईपर्यंत ठेवा, मी एक दिवससुद्धा कमी मागणार नाही. मला त्याचा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण माझा जीव गेला असं म्हणून त्याचा जीव मागू नका. माझा गेलेला नाही. आणि एवढीच कळकळ असेल, तर ह्या बॅनरवर पहिला फोटो ज्यांचा आहे, त्यांना विचारा, आज दुकानातून किती बाटल्या गेल्या."

पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण अध्यक्षांनी माईक काढून घेतला होता. ताई भावनेच्या भरात आहेत, म्हणाले. मग त्यांनीच घोषणा दिली, 'फाशी द्या', आणि पटांगणाने ती उचलली. तिच्यासाठीच, तिच्याच तोंडावर, ती बोललीच नाही अशा थाटात. हार्डवेअरवाला सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. मास्तरणीला वाटलं, ह्यांना माझी गरजच नाही. ह्यांना माझा फोटो पुरतो.

परतताना चौकात आल्यावर आई थांबली, खाली बसली, विझलेल्या मेणबत्त्या एकेक करून नखांनी खरवडून काढल्या आणि पिशवीत टाकल्या. मामा न सांगता दुकानातून शिडी घेऊन आला होता. त्याने वर चढून दोऱ्या कापल्या. बॅनर धप्पकन खाली आला. टाकून देणं मामाच्या स्वभावात नव्हतं. दुकानाच्या गळक्या पत्र्यावर तो उलटा अंथरला, छापील बाजू खाली. निदान मास्तरीण कामाला तरी आली, असं मास्तरीणच म्हणाली आणि मामाला हसावं की नाही ते कळेना.

समितीने तिचा नाद सोडला. गावात लोक म्हणू लागले, डोक्यावर परिणाम झालाय. काही म्हणाले, त्याच्या घरच्यांनी पैसे चारले. ती ऐकून घ्यायची नाही, जागच्या जागी उत्तर द्यायची, आणि घरी आल्यावर भांडी आपटायची. चावीवाला सभेला आला होता की नाही, तिला माहीत नव्हतं. टपरीवरून जाताना ती तिकडे बघत नसे. विचारलं आणि त्याने पुन्हा नाही म्हटलं तर काय, ही भीती तिला कोर्टाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

तारखेच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. मास्तरीण आत रंगाची काडतुसं बदलत होती. पुढे मामा होता. चावीवाल्याने एक पाटी मागितली, टपरीला अडकवता येईल एवढी. टपरी सुरू झाल्यापासून एक दिवस बंद नव्हती, म्हणाला, लोक उगाच खोळंबतील, तेव्हा उद्या लावायला 'आज बंद' असं काहीतरी लिहा.

मामाने मान हलवली आणि माऊस धरला. त्याच्या दुकानात बंदची पाटी एकाच कारणाने निघायची. मास्तरीण हात पुसत बाहेर आली तेव्हा पडद्यावर काळी चौकट उघडत होती आणि तळाशी मेणबत्ती येऊन बसली होती.

तिने मामाच्या हातावर हात ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "कोणी मेलेलं नाही."

मामाने चौकट बंद केली. मग तिने स्वतः खुर्ची ओढली, कोरी फाइल उघडली आणि चावीवाल्याला कारण काय लिहू म्हणून विचारलं. ती लिहीत गेली, त्याने सांगितलं तसं, मोठ्या साध्या अक्षरांत: 'आज टपरी बंद. साक्षीला गेलो आहे.'